रोमन नाणं वाचताना: आधी धातू, मग चेहरा, मग अक्षरं

रोमन नाणं हातात आलं की ते आहे तसंच राहू द्या. रिठा, चिंच, ब्रासो, टूथपेस्ट, काही म्हणजे काही लावू नका. आमच्या कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, चांदीची वस्तू आली की रिठ्याच्या पाण्यात टाकून ब्रशनं घासायची, ही हाताला लागलेली सवय आहे, आणि जुनं नाणं दिसलं तरी कारागिराचा हात तिकडेच वळतो. दोन हजार वर्षांत चांदीवर जो काळपट थर धरतो, त्यामुळेच अक्षरांच्या कडा डोळ्याला दिसतात. तो थर घासून काढला की राजाच्या नावातली दोन-तीन अक्षरं त्याच्याबरोबर जातात, ती कायमचीच. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून मऊ होऊ द्या आणि सुती कापडानं टिपून घ्या. पुसू नका, टिपा. आणि कसोटीवर तर मुळीच ओढू नका.

माझं घराणं हुपरीचं, दुकान गुजरीत. पैंजण, करदोडे, ताम्हण, समया यात आयुष्य गेलं. त्यामुळे नाण्याकडे मी आधी धातू म्हणून बघतो आणि इतिहास म्हणून नंतर. कॉलेजची मुलं इतिहास शिकून येतात, राजांच्या वंशावळी तोंडपाठ असतात, पण नाणं समोर ठेवलं की सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. त्यांना जे दाखवतो तेच इथं मांडतो.

साहित्य फार लागत नाही. मिलिग्रॅम दाखवणारा काटा, दहा पट मोठं दाखवणारा आयग्लास, मोबाइलचा टॉर्च, कागद आणि पेन्सिल. टॉर्च नाण्याच्या डोक्यावर धरू नका. टेबलालगत, अगदी आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. समोरून सपाट दिसणारा भाग आडव्या उजेडात उठून येतो. एका कोनातून 'सी' वाटलेलं अक्षर दुसऱ्या कोनातून 'जी' निघतं.

आता वजन. रोमन चांदीचं नेहमीचं नाणं म्हणजे डेनारियस. अठरा-एकोणीस मिलिमीटर व्यासाचं. ऑगस्टस आणि टायबेरियस या पहिल्या दोन सम्राटांच्या काळात ते सुमारे ३.९ ग्रॅम भरायचं. इ. स. ६४ मध्ये सम्राट नीरोनं एका रोमन पौंडात ८४ ऐवजी ९६ नाणी पाडायला लावली आणि चांदीचा कसही उतरवला. त्यानंतरचं नाणं ३.४ ग्रॅमच्या आसपास येतं. आपल्या देशात सापडलेल्या रोमन चांदीत ऑगस्टस आणि टायबेरियसचीच नाणी प्रामुख्यानं आहेत, याचा संबंध अभ्यासक या घसरलेल्या कसाशी जोडतात. आपल्याकडचे व्यापारी चांदी पारखून घेत होते, हे चांदीवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. झिजेमुळे वजन थोडं उतरतंच. पण टायबेरियसचं नाणं तीन ग्रॅमच्याही खाली आलं आणि झीज मात्र फारशी दिसत नसेल, तर आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा असण्याचा संशय घ्या. असली मुलाम्याची नाणी रोमन काळातही निघत होती. कडेला किंवा नाकाच्या टोकाला पत्रा फाटून तांबूस हिरवं दिसतं का ते बघा.

ओतीव आणि ठोकीव यातला फरक ओळखणं ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि लोक तीच गाळतात. खरं रोमन नाणं दोन ठशांमध्ये तापवलेली चकती ठेवून घणानं ठोकलेलं असतं. घाव बसला की धातू मधून कडेकडे पळतो. आयग्लासमधून अक्षरांच्या बाहेरच्या टोकांकडे बघा: कडेच्या दिशेनं ओढल्यासारख्या बारीक रेघा दिसतात. चकती अगदी मध्यावर बसलेली नसते, म्हणून एका बाजूची अक्षरं अर्धी कापली जातात. कड वेडीवाकडी, कधी चिरलेली. ओतीव नकलेत यातलं काही नसतं. अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे, आणि कडेला साच्याच्या दोन भागांची जोडरेष, किंवा ती कानशीनं घासून काढल्याच्या खुणा. प्रदर्शनात नाणं घ्यायचं तर आधी कड बघा, चेहरा मागाहून. चेहरा कुणीही देखणा बनवतो.

इथपर्यंत आलात की नाणं सुलटं करा. माणसाचा चेहरा असलेली ती दर्शनी बाजू. चेहऱ्यावरून काळ ढोबळमानानं कळतो. इ. स. ११७ मध्ये हेड्रियन गादीवर आला आणि त्याच्यापासून पूर्ण दाढी ठेवायची पद्धत पडली. त्याआधीचे सम्राट बहुतेक सफाचट. डोक्यावर पानांची माळ आणि मागे फितीची गाठ असेल तर तो लॉरेलचा मुकुट. सूर्यकिरणांसारखे टोकदार काटे असलेला मुकुट चांदीच्या नाण्यावर दिसला, तर नाणं बहुधा इ. स. २१५ किंवा त्यानंतरचं, दुप्पट किमतीचं. मोत्यांची किंवा रत्नांची पट्टी म्हणजे चौथ्या शतकातला सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या पुढचा काळ. उघडं डोकं असलेला तरुण बहुधा युवराज असतो. राण्यांच्या बाबतीत केशरचना बघा. अंबाडा कुठं बांधलाय, वेणी डोक्याभोवती फिरवलीय का, यावरून जाणकार दशकापर्यंत पोचतात.

आता अक्षरं. इंग्रजीची कॅपिटल अक्षरं येणाऱ्याला ही वाचता येतात, फक्त चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. 'यू' आणि 'जे' या लिपीत नाहीत. 'यू'च्या जागी 'व्ही' येतो आणि 'जे'च्या जागी 'आय'. शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, फार तर मध्ये एखादा ठिपका. सम्राटाचं डोकं वाटेत आलं की शब्द तिथंच तुटतो आणि पलीकडे पुढं चालू होतो. आणि जवळजवळ सगळं संक्षेपानं लिहिलेलं असतं.

अक्षरांचे पाय चेहऱ्याकडे आणि डोकी कडेकडे असतील तर घड्याळाच्या दिशेनं वाचा. सुरुवात बहुतेक वेळा डावीकडे खाली, खांद्यापाशी, म्हणजे घड्याळात सात वाजतात त्या जागी होते. सुरुवातीच्या काळातल्या काही नाण्यांवर ती उजवीकडे वरून होते. कागदावर मोठं वर्तुळ काढा, त्यावर घड्याळाचे आकडे टाका आणि जे अक्षर जिथं दिसतंय तिथंच ते पेन्सिलीनं मांडा. न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब. ओळखू आलं नाही तर नुसत्या रेघा जशा दिसतात तशा काढा, अंदाजानं अक्षर भरू नका. झिजलेला 'आर' 'पी'सारखा दिसतो, 'ई' 'एफ'सारखी, 'जी' 'सी'सारखी, आणि 'ए'मधली आडवी रेघ पुष्कळदा ठशातच नसते.

माझ्याकडे टायबेरियसचा एक डेनारियस आहे, पावतीसह घेतलेला. शिकवायला तोच वापरतो, कारण भारतात भरपूर मिळालेल्या प्रकारांपैकी तो एक आहे आणि बायबलात करासाठी दाखवलेलं नाणं ते हेच, असं बरेच अभ्यासक मानतात. डोकं उजवीकडे वळलेलं, लॉरेलची माळ, लांब नाक, मानेवर उतरलेल्या फितीच्या दोन शेपट्या. भोवती अक्षरं अशी लागतात: टी आय, काएसार, डीवी, ए व्ही जी, एफ, आउगुस्तुस. 'टी आय' म्हणजे टायबेरियस. 'काएसार' हे घराण्याचं नाव पुढं पदवी झालेलं. 'डीवी ए व्ही जी एफ' म्हणजे देवपदाला पोचलेल्या ऑगस्टसचा मुलगा. एकटा 'एफ' मुलगा या अर्थी. शेवटचं 'आउगुस्तुस' ही सम्राटाची पदवी. सगळं जोडून: टायबेरियस सीझर, दिव्य ऑगस्टसचा पुत्र, ऑगस्टस. नाणं उलटं केलं की खुर्चीवर बसलेली एक स्त्री दिसते, एका हातात लांब उभा दंड, दुसऱ्या हातात फांदी. तिच्या दोन बाजूंना दोन शब्द: 'पोंटिफ' आणि 'माक्सिम', म्हणजे मुख्य धर्माधिकारी. ही पदवी त्या स्त्रीची नाही, सम्राटाची आहे. अनेकांच्या मते ती स्त्री म्हणजे टायबेरियसची आई लिव्हिया.

एक गोष्ट इथं थांबून बघण्यासारखी आहे. नाण्यावरची ही ओळख बापाच्या नावानं दिली आहे, कारण टायबेरियसचा गादीवरचा हक्कच त्या दत्तक नात्यावर उभा होता. आमच्या कोल्हापुरात साधारण त्याच युगात कुर राजे शिशाची नाणी पाडत होते. त्यांच्यावर एका बाजूला प्रत्यंचा लावलेला धनुष्यबाण आणि भोवती ब्राह्मीत गोल फिरणारा लेख: 'रञो वासिठीपुतस विळिवायकुरस'. राजा वासिष्ठीपुत्र विळिवायकुर याचं. इथं ओळख आईच्या नावानं. गोल फिरणारा लेख, संबंध सांगणारी विभक्ती, मधे खूण, ही सगळी मांडणी सारखी. हक्क कुणाकडून सांगायचा ते मात्र वेगळं. ग्रीक भूगोलकार टॉलेमीनं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हिप्पोकुरा इथल्या बालेओकुरोस राजाचा उल्लेख केला आहे, आणि अभ्यासक त्याला विळिवायकुराशी जोडतात. कुर नाणं जवळून बघायला मिळालं तर सोडू नका. गोल लेख वाचायची सवय त्यावरही होते, आणि ते आपल्या मातीतलं आहे.

विभक्तीचं म्हटलं, तर ती मराठी माणसाला फार उपयोगी पडते. सम्राट ट्राजनचं एक नाणं घ्या. दर्शनी बाजूला: इम्प, त्राइआनो, ए व्ही जी, गेर, डाक, पी एम, टी आर पी, कॉस, व्ही, पी पी. 'इम्प' म्हणजे इम्पेराटोर, विजयी सेनापती. 'गेर' आणि 'डाक' म्हणजे जर्मनीचा आणि डेसियाचा, म्हणजे आजच्या रुमानियाकडच्या प्रदेशाचा, विजेता. 'पी एम' म्हणजे मुख्य धर्माधिकारी. 'टी आर पी' म्हणजे ट्रिब्यूनचे, म्हणजे जनतेच्या प्रतिनिधीचे, अधिकार. ते दरवर्षी नव्यानं धरले जात, म्हणून त्यापुढे आकडा असेल तर त्यावरून वर्ष निघतं. 'कॉस'पुढचा 'व्ही' हा रोमन पाच: पाचव्यांदा कॉन्सल, म्हणजे रोमचा वर्षापुरता मुख्य अधिकारी. ट्राजन पाचव्यांदा कॉन्सल झाला इ. स. १०३ मध्ये आणि सहाव्यांदा ११२ मध्ये, म्हणजे हे नाणं १०३ ते १११ मधलं. शेवटचं 'पी पी' म्हणजे राष्ट्रपिता.

पण 'त्राइआनुस' न लिहिता 'त्राइआनो' का लिहिलं? ही चतुर्थी आहे: ट्राजनला. काय ट्राजनला, कुणाकडून? उत्तर मागच्या बाजूला आहे: 'एस पी क्यू आर ऑप्टिमो प्रिंकिपी', म्हणजे रोमच्या सिनेटकडून आणि जनतेकडून सर्वोत्तम अधिपतीला. वाक्य एका बाजूला सुरू होतं आणि दुसऱ्या बाजूला पुरं होतं. म्हणून दोन्ही बाजू स्वतंत्र वाचून मोकळं होऊ नका, शेवटी एकत्र लावून बघा. नावाच्या शेवटी 'उस' असेल तर प्रथमा, 'ओ' असेल तर बहुधा चतुर्थी, 'ई' असेल तर बहुधा षष्ठी. एवढ्यावर पुष्कळ काम भागतं.

मागच्या बाजूची चित्रं ओळखायला कोल्हापूरकराला जड जाऊ नये. अंबाबाईची मूर्ती आपण ओळखतो ती हातातल्या म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्रावरून, आणि रोमन नाण्यावरच्या बायकाही तशाच हातातल्या वस्तूंवरून ओळखायच्या. चेहरे सगळ्यांचे सारखेच असतात. सुकाणू आणि फळाफुलांनी भरलेलं शिंग असेल तर फोर्तुना, म्हणजे नशीब. तराजू आणि तेच शिंग असेल तर एक्विटास, रास्तपणा. तराजू असल्यामुळे आम्हा सराफांना ही लगेच भेटते. ऑलिव्हची फांदी असेल तर पॅक्स, शांतता. पंख आणि हार असतील तर व्हिक्टोरिया. धान्याची कणसं, बाजूला माप आणि कधी जहाजाचं टोक असेल तर अनोना, रोमचा धान्यपुरवठा. एका हातात फूल आणि दुसऱ्या हातानं झगा किंचित उचललेला असेल तर स्पेस, आशा. वेदीवरच्या सापाला पात्रातून पाजणारी ती सालुस, आरोग्य. नाव बहुधा बाजूला लिहिलेलं असतं. ते झिजलं असेल तर वस्तू उपयोगी पडते, आणि वस्तू झिजली असेल तर नाव.

मात्र आपले देव त्यावर बसवायची घाई करू नका. सापाला पाजणारी बाई म्हणजे नागपंचमी नव्हे आणि त्रिशूळ म्हणजे महादेव नव्हे. सम्राट कॅलिग्युलाच्या काळात ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याच्या नावानं पाडलेलं एक तांब्याचं नाणं आहे. पुढं जहाजांच्या टोकांचा मुकुट घातलेला अग्रिप्पा आणि मागं उभा पुरुष, एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात छोटा डॉल्फिन. तो समुद्रदेव नेपच्यून. दोन्ही बाजूंना सुटी अक्षरं 'एस' आणि 'सी', म्हणजे सिनेटच्या ठरावानं. ही दोन अक्षरं तांब्या-पितळेच्या नाण्यांवर वारंवार भेटतात. नेपच्यूनचा ग्रीक अवतार पोसायडन आपल्याच गावात आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत सापडलेली त्याची छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. ब्रह्मपुरीत १९४५-४६ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केलं, तिथल्या वस्तूही तिथंच बघा. नाण्यावर नखाएवढा दिसणारा देव तिथं अंगापिंडानिशी दिसतो. त्याचं उभं राहणं, पायावरचा भार बघून ठेवा. झिजलेल्या नाण्यावर नुसती बाह्यरेषा उरली तरी त्या उभं राहण्यावरून तो ओळखू येतो.

ऑगस्टसचा दुसरा एक डेनारियस भारतात खूप मिळतो, त्याचीही खूण सांगून ठेवतो. मागं दोन तरुण उभे, मधे दोन गोल ढाली आणि भाले, वर यज्ञकर्माची पळी आणि वाकडी काठी. हे गायस आणि लुसियस, ऑगस्टसचे नातू, ज्यांना त्यानं दत्तक घेतलं होतं. हे नाणं इ. स. पू. २ पासून लुग्दुनुम, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लियाँ इथं पाडलं. त्यावर दोघांना भावी कॉन्सल आणि तरुणांचे अग्रणी म्हटलं आहे. लुसियस इ. स. २ मध्ये गेला, गायस इ. स. ४ मध्ये. वारस जाहीर करणारं नाणं दोन्ही वारसांच्या मागं उरलं, आणि गादी टायबेरियसला मिळाली. ही दोन नाणी शेजारी ठेवून वाचली की सगळा इतिहास समोर येतो, म्हणून ती मी नेहमी जोडीनं दाखवतो.

चौथ्या शतकातली बारकी तांब्याची नाणी तमिळनाडूत करूर, मदुराई भागात आणि श्रीलंकेत पुष्कळ सापडली आहेत. त्यांच्या मागच्या बाजूला चित्राखाली आडवी रेघ असते आणि रेघेखाली टांकसाळीची खूण: 'कॉन्स' म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, 'ए एल ई' म्हणजे अलेक्झांड्रिया, 'ए एन टी' म्हणजे अँटिऑक. आधी ही खूण वाचा. या नाण्यांवर चेहरे एकमेकांसारखेच असतात.

भारतात आलेल्या नाण्यांवर भारतातल्याही खुणा असतात. १८९८ मध्ये पुदुक्कोट्टईला ५०१ सोन्याची रोमन नाणी एकत्र सापडली, त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. असा घाव दिसला तर नाणं खराब म्हणून बाजूला टाकू नका, घावाची जागा आणि लांबी लिहून ठेवा. काहींना भोक किंवा कडी असते, कारण ती गळ्यात घातली गेली. आपल्या पुतळ्यांच्या माळेची घडणही व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरून आली असं मानतात, तेव्हा परदेशी नाणं गळ्यात घालणं ही आपली जुनी आवड आहे. आणखी एक प्रकार म्हणजे आपल्याकडच्या कारागिरांनी त्याच काळात केलेल्या नकला. त्यांच्यावर चेहरा बरा जमलेला असतो, पण भोवतीची अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या रेघा आणि गोळे. ठसा कोरणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. अशा नाण्यावर जबरदस्तीनं नाव वाचायचा प्रयत्न करू नका. नक्कल म्हणूनच ते मोलाचं आहे.

शेतात किंवा पाया खणताना नाणं सापडलं तर कायदा साफ आहे. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवर मोलाचं धन कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. आटणीला तर कधीच देऊ नका. आटवून हातात येते चार ग्रॅम चांदी. नाणी एकापेक्षा जास्त असतील तर ती वेगळी करू नका, आणि ज्या भांड्यात निघाली त्याचे तुकडेही बरोबर ठेवा. कुठली नाणी एकत्र पुरली होती, यावरूनच ती कधी पुरली ते कळतं.

राहता राहिलं अगदी झिजलेलं नाणं. समजा, दर्शनी बाजूला उजवीकडे वळलेलं दाढी नसलेलं डोकं आहे, लेखातून फक्त 'डी आय व्ही' उरलंय, आणि मागं बसलेली आकृती व 'ए एक्स आय' एवढंच. वजन ३.६ ग्रॅम. दाढी नाही म्हणजे बहुधा हेड्रियनच्या आधीचं. वजनावरून बहुधा नीरोच्या सुधारणेआधीचं. 'ए एक्स आय' हे 'माक्सिम'चं पोट. बसलेली स्त्री आणि 'माक्सिम' एकत्र म्हणजे बहुधा टायबेरियसचा डेनारियस, आणि 'डी आय व्ही' त्याच्या लेखात बरोबर बसतं. आता तुमच्या पेन्सिलीच्या वर्तुळात उरलेली अक्षरं तुटक रेघेनं भरा, म्हणजे वाचलेलं आणि ताडलेलं वेगळं राहील. चिठ्ठीवर वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा लेख, चित्राचं वर्णन आणि नाणं कुठून आलं ते लिहा. नाणं वरून खाली उलटल्यावर मागचं चित्र सरळ दिसतं की उलटं, तेही नोंदवा. मग नाणं प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता आम्लविरहित कागदाच्या पाकिटात घाला आणि चिठ्ठी त्या पाकिटाला जोडा.